खिडकीताईची विरळ पेरणी

नाट्यगृहाच्या तिकीटखिडकीत बसणाऱ्या बाईला सगळं गाव खिडकीताई म्हणायचं. तिचं खरं नाव पगाराच्या दिवशी तेवढं बाहेर निघायचं, आणि सही झाली की पुन्हा आत जायचं. बावीस वर्षं ती त्या हातभर खोलीत बसत होती. पाय टेकायला खाली एक फळकूट, बुडाखाली स्वतः शिवलेली उशी, समोर काचेखाली खुर्च्यांचा नकाशा, म्हणजे प्लॅन, आणि कानावर निळी पेन्सिल. सहाशे खुर्च्या. त्यातली कुठली कुरकुरते, कुठलीचा खिळा लुगडं फाडतो, सगळं तिला पाठ.

गिऱ्हाइकानं "दोन द्या" म्हणायच्या आत तिनं त्याला वरपासून खालपर्यंत जोखलेलं असायचं. उंच माणूस कडेला. खोकणारा मागे, दाराजवळ. नवं लग्न झालेलं जोडपं खांबाआड, कारण त्यांना नाटक दिसलं काय आणि न दिसलं काय. कुणी हट्ट केलाच की "मला अमकीच खुर्ची हवी", तर ती ऐकून घ्यायची आणि द्यायची तीच द्यायची. माणूस नाटक बघून बाहेर येताना म्हणायचा, "ताई, जागा झकास होती हो." ती म्हणायची, "मग!"

तिचा नवरा त्याच नाट्यगृहात सुतार. रंगमंचावरचे महाल, झोपड्या, जिने, दारं सगळी त्याच्या हातची. माणूस बोलायला कंजूष. तोंडात कायम खिळे धरायची सवय, त्यामुळे बोलणं परवडतच नसे. घरात तिसरी सासूबाई. तिचं तोंड मात्र रिकामं होतं आणि ती त्याचा पुरेपूर वापर करायची.

मग मंदी आली. आधी गावातला मोठा कारखाना बंद झाला, त्याच्या मागोमाग त्याच्या जिवावर जगणारे चार छोटे. दुकानांवर "दुकान बंद करायचे आहे, माल स्वस्त" अशा पाट्या लागल्या आणि त्या पाट्या रंगवणारा तेवढा दोन महिने खुशीत होता. नाट्यगृहात तेव्हा चार नाटकं चालू होती. पहिलं गेलं राजाराणीचं, कारण त्यात तीस माणसांची फौज होती आणि एके दिवशी प्रेक्षकांपेक्षा फौजच जास्त भरली. दुसरं गेलं कौटुंबिक, रडायचं. घरी फुकट रडायला मिळत असताना तिकीट काढून कोण रडणार? तिसरं खुनाचं. खुनी कोण हे बघायला सतरा माणसं आली, आणि बाकीच्या गावानं त्या सतरांना विचारून घेतलं. सुतारानं महाल मोडला, झोपडी मोडली, खुनाची खोली मोडली. राजाचं सिंहासन तेवढं तो घरी घेऊन आला. सासूबाई आता त्यावर बसून पालेभाजी निवडायची आणि सुनेला हुकूम सोडायची. सिंहासनामुळे हुकमांत काही वाढ झाली असं नाही. ते पहिल्यापासून तेवढेच होते.

उरलं एक नाटक, विनोदी. त्यातला मुख्य नट ढोल्या. पोट ढोलासारखं, आवाजही तसाच, म्हणून ढोल्या. दुसऱ्या अंकात त्याची विजार दारात अडकायची आणि तो दारासकट लग्नाच्या मुलीला मागणी घालायला निघायचा. तिथं हशा असा उसळायचा, की पुढचं वाक्य बोलायच्या आधी ढोल्याला मनातल्या मनात सातपर्यंत आकडे मोजावे लागायचे.

आता सहाशे खुर्च्यांना जेमतेम नव्वद माणसं येऊ लागली. पण खिडकीताई काही अशी तशी बाई नव्हती. तिच्या आधी खिडकीत बसणाऱ्या म्हाताऱ्यानं तिला एक विद्या देऊन ठेवली होती. ताई त्या विद्येला विरळ पेरणी म्हणायची. माणसं कमी असली की ती एका जागी बसवायची नाहीत, सगळ्या हॉलभर पेरायची. एक माणूस, चार खुर्च्या मोकळ्या, पुन्हा एक माणूस. पुढच्या रांगेतल्याच्या नेमका मागे मागचा नाही, तर जरा तिरका. पडद्याच्या भोकातून बघणाऱ्या नटाला मग जिकडेतिकडे डोकीच डोकी दिसतात आणि त्याचे हातपाय गळत नाहीत. प्रेक्षकही खूश. हात पसरून, शेजारच्या खुर्चीवर पिशवी ठेवून ऐसपैस बसायला मिळतं. ताईचा प्लॅन आता बघण्यासारखा दिसायचा, निळ्या फुल्यांची नक्षीच. ढोल्या स्वतः येऊन सांगून गेला, की ताई, तुमच्यामुळे थिएटर भरल्यासारखं वाटतं.

भरल्यासारखं वाटत होतं, पण हसत कुणी नव्हतं.

विजार दारात अडकायची, ढोल्या दार घेऊन निघायचा, थांबायचा, एक, दोन, तीन मोजायचा, आणि हॉलमध्ये पंख्याचा आवाज. कुठूनतरी एखादी खिक्. ढोल्या घाबरला. जोरात बोलू लागला. नाटकात नसलेल्या तीन कोलांट्या घातल्या. तिसऱ्या कोलांटीला कपाळाला टेंगूळ आलं, त्यालाही कुणी हसलं नाही. मेकअपच्या खोलीत बसून तो म्हणाला, की आपल्यातलं सगळं संपलं, आता आपण मेहुण्याच्या पीठगिरणीत जातो.

नाट्यगृहाचा मालक माणूस वाईट नव्हता, नुसता थकलेला होता. एका फर्निचरवाल्या व्यापाऱ्यानं गोदामासाठी जागा मागितली होती. मालकानं सगळ्यांना बोलावून सांगितलं, की येत्या रविवारी दुपारचा प्रयोग तो स्वतः बसून बघणार. लोक कमी येतात ते एकवेळ समजू शकतो, पण आलेले लोकही विनोदी नाटकाला हसत नसतील तर कुलूप लावलेलं बरं. म्हणजे रविवारनंतर खिडकीही नाही आणि सुतारकामही नाही. एकाच घरातली दोन्ही कमावती माणसं एकाच दिवशी रिकामी.

दोष सगळ्यांनी मंदीला दिला. लोकांना हसायचं सुचेलच कसं, असं प्रकाशवाला म्हणाला, कपडेपटवाली म्हणाली, खिडकीताईही म्हणाली. मंदीचं एक बरं असतं, तिला काहीही म्हणा, ती उलटून बोलत नाही.

शुक्रवारी दुपारी मात्र एक झालं. एरवी मध्यंतरापर्यंत खिडकी उघडी ठेवावी लागायची, उशिरानं येणारे असायचे. त्या दिवशी पडदा उघडल्यावर कुत्रंसुद्धा फिरकलं नाही. ताईनं खिडकी लावली आणि आत जाऊन शेवटच्या रांगेत बसली. बावीस वर्षांत प्रयोग चालू असताना ती पहिल्यांदा आत बसत होती.

विजार दारात अडकली. ताईच्या पुढे, अकराव्या रांगेत, एक टक्कल पडलेला माणूस होता. त्याचे खांदे उडाले. हसू त्याच्या ओठापर्यंत आलं होतं. त्यानं डावीकडे पाहिलं, चार खुर्च्या रिकाम्या. उजवीकडे पाहिलं, चार खुर्च्या रिकाम्या. बापड्यानं तोंडावर हात ठेवला, हसण्याचा खोकला केला आणि गिळून टाकला. पलीकडे एका बाईनं तसंच केलं. तिच्या पुढच्यानंही. नव्वद माणसं, प्रत्येकजण आपापल्या बेटावर, प्रत्येकाचं हसू घशात.

ताई उठली आणि खिडकीत जाऊन प्लॅनवरच्या आपल्या फुल्यांमधल्या रिकाम्या खुर्च्या मोजत बसली.

शनिवारी सकाळी तिनं घरात सांगून टाकलं, की मंदीबिंदी काही नाही, हे सगळं आपल्या पेन्सिलीनं झालंय. सासूबाई सिंहासनावरून म्हणाली, यात नवल ते काय. तिच्या स्वतःच्या सासऱ्याची मयत झाली तेव्हा घर माणसांनी भरलं होतं, सगळे सुतकी तोंडं करून बसलेले, आणि शेजारचा एक माणूस गळा काढून रडता रडता स्टुलासकट मागे कोसळला.

"मी एकटी असते ना, तर डोळ्याला पदर लावून निभावलं असतं," सासूबाई म्हणाली. "पण दोन्हीकडून दोन जावा चिकटून बसलेल्या. इकडचीचं पोट हललं, मग माझं हललं, मग तिकडचीचं. सासूनं नंतर तिघींना मिळून धुतलं, ते वेगळं."

सुतारानं तोंडातले खिळे हातात घेतले. तो बोलणार म्हणजे काहीतरी गंभीर होतं.

"दाट बसवलीस तर हसतील, मान्य. पण मालक मागच्या कोपऱ्यात बसतो. त्याला पाचशे रिकाम्या खुर्च्या दिसतील. नाटक सुरू व्हायच्या आधीच तो कुलूप शोधायला लागेल."

ताईलाही तीच भीती होती. विरळ पेरलं तर हशा नाही, दाट पेरलं तर हॉल ओस. दिवसभर ती नव्या प्लॅनवर फुली मारायची आणि खोडायची. कागद पार फाटायला आला.

रविवारी खिडकी उघडली आणि तिनं तिसऱ्या ते आठव्या रांगेपर्यंत माणसं ठासायला सुरुवात केली. मधे एक खुर्ची सोडली नाही. लोक ऐसपैस बसायला सोकावले होते. एक निवृत्त मास्तर, कायम एकट्यानं कडेला बसणारे, भांडायलाच उभे राहिले.

"अहो ताई, सगळं थिएटर मोकळं आणि मला या बायकांच्या घोळक्यात का कोंबताय?"

"पंखे तेवढेच चालू आहेत, मास्तर."

"परवा तर सगळे चालू होते."

"परवा होते. मंदी आहे."

पंख्याचं असं गळ्याशी आल्यावर सुतारानं आत जाऊन मागचे सगळे पंखे खरोखरच बंद केले. न बोलणाऱ्या नवऱ्याचा हा फायदा असतो. घराच्या वाटणीवरून सहा वर्षं एकमेकांचं तोंड न बघणारे दोन भाऊ वेगवेगळे आले. ताईनं त्यांनाही शेजारशेजारच्या खुर्च्या दिल्या. जागा तेवढीच उरली होती, त्याला तिचा इलाज नव्हता.

ढोल्यानं पडद्याच्या भोकातून बघितलं आणि अर्ध्या मेकअपनिशी खिडकीकडे धावत आला. एक गाल गुलाबी, एक पांढरा.

"ताई, आज दावा साधलात का? मागचा सगळा हॉल ओस दिसतोय नुसता. पसरा हो त्यांना, पाया पडतो."

"नाही पसरणार."

"माझं काही चुकलं का?"

"तुमचं काही चुकलेलं नाही, माझं चुकलं होतं," ताई म्हणाली. "तिसरी ते आठवी रांग बघा, आठवीच्या मागे बघू नका. आणि आज एकही कोलांटी नको. दार घेऊन निघा आणि थांबा."

मालक आला तो सरळ मागच्या कोपऱ्याकडे वळला. ताई खिडकी सोडून त्याच्या पाठोपाठ गेली आणि तिकीट पुढे धरलं, सहावी रांग, मधोमध. तेवढी एकच खुर्ची तिनं राखून ठेवली होती.

"मी मागूनच बघतो," मालक म्हणाला.

"मागून खुर्च्या दिसतात, मालक. आज नाटक बघा."

मालकानं तिच्याकडे पाहिलं, मग तिकिटाकडे. आजवर त्याच्या स्वतःच्या थिएटरात त्याला कुणी जागा दाखवली नव्हती. जाऊन बसला. एका बाजूला मास्तर, दुसऱ्या बाजूला मासळीबाजारातली एक दणकट बाई, जिच्या दंडानं मालकाची अर्धी खुर्ची आधीच घेतली होती.

त्या हॉलमधल्या खुर्च्या सहा-सहाच्या जुडीनं एकाच लोखंडी पट्टीवर बसवलेल्या होत्या. दुसऱ्या अंकात विजार अडकली, ढोल्या दार घेऊन निघाला आणि थांबला. मासळीवाल्या बाईचं पोट पहिलं हललं. तिच्याबरोबर पट्टी हलली, पट्टीबरोबर मालक हलला, मालकाबरोबर मास्तर. मास्तरांनी आवरायचा फार प्रयत्न केला, पण खुर्चीच थरथरत असल्यावर माणूस काय करणार? त्यांच्या नाकातून जो आवाज निघाला, त्यानं पुढची रांग मागे वळली आणि फुटली. मग काय, सहाच्या सहा रांगा. दोघा भावांपैकी धाकट्यानं हसता हसता थोरल्याच्या मांडीवर थाप मारली, मग कुणाची मांडी ते त्याच्या लक्षात आलं, आणि थोरला आणखीच हसायला लागला. ढोल्या रंगमंचावर आकडे मोजत उभा होता. सात झाले, दहा झाले. चौदाला त्यालाच भरून आलं आणि तो चटकन दारामागे लपला. लोकांना वाटलं, हे नाटकातलंच आहे.

मध्यंतरात मालक डोळे पुसत खिडकीशी आला. चष्मा हातातच होता.

"ताई, हसले खरे. पण माणसं नव्वदच आहेत हो."

"एक्याण्णव. तुम्हाला धरून."

"नव्वद माणसांसाठी सहाशे खुर्च्यांचं थिएटर कसं चालवू?"

ताईनं कानावरची पेन्सिल काढली, पुन्हा कानावर ठेवली आणि म्हणाली, की नव्वदांसाठी नव्वद खुर्च्याच लागतात, सहाशे लागतात असं कुणी सांगितलं? वरच्या मजल्यावर तालमीची खोली आहे, तिथं जुन्या ट्रंका आणि उंदीर सोडून कुणी नसतं.

मालक जिन्याकडे बघत उभा राहिला. तिसरी घंटा झाली तरी तो तिथंच होता. मासळीवाल्या बाईनं दारातून मान काढून त्याला हाक मारली, की चला, तुमची जागा कुणीतरी घेईल.

महिन्याभरात मोठा हॉल फर्निचरवाल्याकडे गेला. वाईट वाटायचं ते वाटलं. पडदा उतरवताना कपडेपटवाली रडली, ढोल्या रडला, आणि कपाटं उतरवायला आलेले हमालही जरा वेळ टोप्या काढून उभे राहिले. ताई मात्र नवऱ्यामागे लागली होती. त्यानं एकशे आठ खुर्च्या पट्ट्यांसकट वर नेल्या आणि अशा बसवल्या, की मागच्याचे गुडघे पुढच्याच्या पाठीला लागावेत. तिकीटखिडकी चौकटीसह कापून काढली आणि जिन्याच्या तोंडाशी बसवली. उशी ताईनं स्वतः नेली.

पहिल्या प्रयोगाला खिडकीपुढे एकशे एकवीस माणसं उभी राहिली. तेरांना ताईनं हात जोडून परत पाठवलं आणि नाही म्हणायची तिची सवय इतकी मोडली होती, की पहिल्याला "जागा नाही" म्हणताना ती अडखळली. तो माणूस चिडला, तिला फार बरं वाटलं.

आत एक घोळ होताच. तालमीच्या खोलीचं छत बसकं, आणि रंगमंचावर येण्याच्या वाटेत एक तुळई आडवी. ढोल्या पहिल्या प्रवेशाला ऐटीत आत आला आणि धाडकन कपाळ आपटून घेतलं. या खेपेला अख्खी खोली हसली. मध्यंतरात सुतार तोंडात खिळे धरून, हातात कापसाची गादी घेऊन तुळईपाशी शिडी लावायला आला. ढोल्यानं टेंगूळ चोळत त्याला अडवलं.

"गादी लाव," तो म्हणाला, "पण मागच्या अंगाला लाव, लोकांना दिसता कामा नये. आणि तुळई काढायचं नाव काढू नकोस."

सुतारानं मान हलवली आणि शिडी चढला.