तापट कंप्युटरचं बिऱ्हाड

"अहो भाऊ, पाय काढा त्या खोक्यावरचा! पोराचं डोस्कं हाये त्याच्यात."

बाभुळगावच्या स्टॅन्डवर बाबा खिडकीतून गाडीत ओरडले आणि अख्ख्या यष्टीनं पाय वर घेतले. मागच्या सीटवरच्या एका आजीबाईनं तर खोक्यात वाकून डोकं खरंच आहे का ते पाहिलं. होते नुसते सुटे भाग: प्रोसेसर, त्याला थंड ठेवणारा कुलर, पंखे, वायरी. पुण्याच्या खोलीवर जाऊन मी त्यांचा कंप्युटर जोडणार होतो, आयुष्यातला पहिला. न बांधलेल्या घरांची चित्रं करणाऱ्या एका ऑफिसात मला काम मिळालं होतं, पण कच्चं. तहसिलीतून रिटायर झालेल्या बाबांनी त्यावर सरकारी थाटात अट घातली होती, "दिवाळीपर्यंत पक्कं झालं तं ठीक. नाही तं मुकाट्यानं वापस ये अन् काकाच्या कृषी केंद्रात बस."

कंप्युटर जोडला, सुरूही झाला. पण खोलीवर आणलेलं ऑफिसचं काम टाकलं की तापायचा आणि फटकन बंद पडायचा. तापमान नव्व्याण्णव अंश. तुम्ही गावाकडचे म्हणाल, ऊन आम्हाला काय सांगतो? कबूल, आपल्याकडे मे महिन्यात सावलीसुद्धा झाडाखाली येऊन बसते. पण त्या प्रोसेसरपुढे आपला मे म्हणजे थंडगार चिखलदरा.

खोलीतला माझा जोडीदार पंकज, फुलसावंगीचा. तो म्हणाला, "हा कंप्युटर हाये का चूल बे? भाकर टाकू काय याच्यावर?"

मी कंप्युटरच्या डब्याचं झाकण काढलं, टेबल खिडकीशी नेलं, पंख्यांवर पंखे लावले. शेवटी इतके पंखे झाले, की कंप्युटर उचलून खिडकीकडे निघाला आणि पंकजनं वायर धरून त्याला पतंगासारखा खाली घेतला. आकडा मात्र ढिम्म. सोमवारी एका फ्लॅटची चित्रं द्यायची होती, त्यावरच कच्चं की पक्कं ठरणार होतं. मला समोर खताच्या बॅगा दिसायला लागल्या.

रविवारी सकाळी हिय्या करून कुलरच खोलला. त्याच्या तांब्याच्या तळाला प्लॅस्टिकची पारदर्शक पन्नी तशीच चिकटलेली. तळ प्रोसेसरला भिडायचा, तर मधे ही बसलेली.

"दिसली नाही काय बे तुले?"

"दिसली ना."

"मंग काहून ठेवली?"

"नवा होता ना कुलर."

पंकज हसला नाही. त्याच्या हेल्मेटच्या काचेवरची पन्नीही अजून शाबूत होती.

आमच्या घरी पन्नी काढली की वस्तू जुनी झाली, असा बाबांचा कायदा. फ्रिज पन्नीत, रिमोट पन्नीत. सोफ्याची तर अशी तऱ्हा, की उन्हाळ्यात पाहुणा उठला की त्याच्यासोबत सोफाही उठतो आणि दोघांना निरोप द्यावा लागतो.

पन्नी ओढली, उष्णता ओढून घेणारी नवी पेस्ट लावली, पेच आवळले. कंप्युटर असा थंड पडला, की पंकजनं बॅगेतून स्वेटर काढून घातलं. सोमवारी चित्रं गेली.

आता पुण्यात माझं घर आहे. इथे मी पन्न्या पहिल्याच दिवशी काढतो. वस्तूंना ओरखडे पडतात, चहाचे डाग पडतात, आणि त्या डागांमुळेच हे घर आपलं वाटतं. बाभुळगावचं घर अजून नवंकोरं आहे, मी निघालो त्या दिवशी होतं तसं. तिथल्या सोफ्यावर बसलो की तो चर्र वाजतो आणि जिवाला फार बरं वाटतं. माझ्यासारखे निघालेले जे असतील, त्यांना हे वेगळं सांगायला नको.

काम पक्कं झालं तेव्हा बाबांना फोन केला होता. बिल्डिंग जळता जळता कशी वाचली, आगीचा बंब गल्लीच्या तोंडापर्यंत कसा आला, सगळं तिखटमीठ लावून सांगितलं. मग जरा दबकतच म्हटलं, "दिवाळीला येतो बाबा, पण चार दिवसच."

मग त्यांनी विचारलं, "आता तं नाही तापत?"

"नाही."

"मंग राह्य तिथंच."