आधी आपलं भात

“काय गो पोरी, बसलीस काय? पंगत उठली. उष्टी कोन उचलनार, तुजा बाप?”

जत्रेच्या मांडवात गावकीचे नाना ओरडत होते, माझ्या अकरावीतल्या मुलीवर. तिचा बाप, म्हणजे मी, तेच करत होतो. वाकून, हातात खरकट्या पत्रावळ्यांची चळत घेऊन.

शहाडजवळच्या आमच्या गावात रीतच तशी. बाहेरून आलेल्या घरानं जत्रेची उष्टी काढायची. आम्ही आलो पणजोबाच्या काळात. मधल्या काळात नानांच्या शेतांवर टॉवर आले, टॉवरात अर्धं जग राहायला आलं. बाहेरचे मात्र अजून आम्हीच. घोडबंदर रोडच्या ऑफिसात बारा माणसं मला सर म्हणतात. जत्रेला मी बाह्या सरसावतो.

आणि तोंड चालवतो. पणजोबा गाव सोडून का आला, याच्या मी सतरा गोष्टी केल्यात. वाघ मागे लागला, उल्हास नदी आडवी आली, पणजोबा पोहून पार झाला. वाघाला पोहता येईना, म्हणून परत जाऊन त्याला खांद्यावर घेऊन आला. पंगत खो खो हसायची. हसणाऱ्याला समोर कोण वाकलंय ते दिसत नाही. मला तेच हवं असायचं.

खरं काय ते आईनं सांगितलेलं. तिकडे खोताचं भात आधी कापायचं, मग आपलं. तोवर आपलं उभ्या उभ्या झडायचं. दरसाल. एका वर्षी पणजोबानं विळा घेतला आणि आधी आपलं कापलं. खोतानं झोपडी पाडली. तो बायकोपोरं घेऊन इथं आला. घरापुरती जागा मिळाली, बदल्यात ही उष्टी.

खोताला न जुमानणारा माणूस. त्याला ह्या गावानं वाकवलं. आणि मी त्याच्यावर विनोद करत होतो.

मुलीनं पहिल्या पत्रावळीला हात घातला.

“ठेव खाली,” मी म्हणालो.

“उपाशी आलेले तुमी,” नाना म्हणाले. “गावानं जागा दिली.”

“उपाशी नाही, नाना. पणजोबा खोताच्या आधी आपलं भात कापून आलेला.”

चळत त्यांच्या पायाशी ठेवली. मुलीला घेऊन पुढच्या पंगतीत बसलो. वाढपी पातेलं घेऊन तीनदा आमच्यासमोरून तसाच गेला. आम्ही हललो नाही. चौथ्यांदा वाढलं त्यानं. जेवलो. आमच्या दोन पत्रावळ्या उचलल्या, बाकीच्या पडू दिल्या.

दुसऱ्या दिवशी नानांचा मुलगा दारात. “काकू, पुढच्या जत्रेला येणार ना तुम्ही लोक?”

आईनं चाळीस वर्षं उष्टी काढलीत. ती तांदूळ निवडत होती. मान वर केली नाही.

“येऊ. जेवायला.”