गुणवंतीची बिनआवाजाची बोंब

सूड घेऊ नये, माफ करावं, असं सांगत फिरणाऱ्यांचा मला राग येतो. त्यांचं कुणी काही नेलेलं नसतं. गुणवंतीचं नेलं होतं, भर बाजारात, आणि तिने ते कसं परत आणलं ते मी सांगणार आहे. मी तिच्या बाजूचा आहे, हे आधीच सांगून टाकतो. ज्याला दुसरी बाजू ऐकायची असेल त्याने रूपेशकडे जावं. रत्नागिरीजवळच्या नाचणे गावात त्याचं घर आहे, आणि हल्ली तो घरीच असतो.

मी पूर्वी रत्नागिरीतल्या एका टॉकीजमध्ये ऑपरेटर होतो. टॉकीज बंद पडली तेव्हा बंदराच्या रस्त्यावर मोबाईलचं दुकान टाकलं. कव्हर, काच, चार्जर, रिचार्ज. दुकानातून जेटीच्या पायऱ्या दिसतात आणि पायऱ्यांच्या डाव्या हाताला गुणवंतीची बसायची जागा. तिचा नवरा भिवा माझा दोस्त. तो होडीवर तांडेल होता, सगळी होडी त्याच्या शब्दावर चालायची. एका वादळात बाकीचे खलाशी परत आले, भिवा आला नाही. त्याचं दिवसकार्य आटोपल्यावर गुणवंती पुन्हा टोपली घेऊन जेटीवर आली आणि पहिल्याच सकाळी तिने अशी हाळी दिली, की मी दुकानाचं शटर अर्ध्यावर ठेवून बाहेर आलो.

आवाज म्हणजे काय आवाज होता तो! "बांगडा घ्या गो, फडफडीत बांगडाऽऽ" ही हाळी जेटीवरून निघाली की एसटीच्या थांब्यापर्यंत जायची. उतरलेली माणसं आवाजाच्या रोखाने चालत यायची. मासळीवालीचं अर्धं दुकान टोपलीत असतं आणि अर्धं गळ्यात. गुणवंतीचं तर सगळंच गळ्यात होतं. भिवा गेल्यावर घर त्या गळ्यावरच चाललं.

आता रूपेश. हा हौसाचा मुलगा. हौसा गुणवंतीच्या शेजारीच बसून मासळी विकायची. लहानपणी हा रूपेश गुणवंतीच्या टोपलीच्या सावलीत झोपलेला आहे, तिच्या डब्यातली भाकरी खाल्लेला आहे. मोठा झाल्यावर कोकणातले व्हिडिओ करायला लागला आणि लाखांनी लोक त्याला बघायला लागले. हौसाने धंदा सोडला, नाचण्याला घर झालं. त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पोट कुणाला चुकलंय!

दोन वर्षांपूर्वी, मे महिन्यात, रूपेश जेटीवर शूटिंग करत होता. गुणवंतीपुढे एक पाहुणा पर्यटक बसला होता. त्याने प्रत्येक पापलेट उचललं, कल्ले उघडून बघितलं, दाबलं, नाक मुरडलं आणि परत टाकलं. गुणवंती मासे कापत राहिली. उठता उठता तो आपल्या मित्राला मोठ्याने म्हणाला, "यांचे नवरे दारू पिऊन समुद्रात मरतात आणि या बायका आपल्याला लुटायला बसतात." त्यानंतर मात्र गुणवंती उठली. हातात मासे कापायची सुरी तशीच होती. भिवाचं नाव घेऊन तिने त्याला जे झाडलं ते मी दुकानातून ऐकलं आणि मला फार बरं वाटलं.

रूपेशने सगळं पहिल्यापासून शेवटपर्यंत घेतलं होतं. पण लोकांपुढे टाकताना त्या पाहुण्याचं वाक्य त्याने काढून टाकलं. उरली फक्त गुणवंती. केस सुटलेले, हातात सुरी, तोंड उघडं. मग तिचा चेहरा मोठा केला, हालचाल संथ केली, आवाजाखाली गाढवाचं ओरडणं जोडलं आणि नाव दिलं 'भोंगा मावशी'. आठ दिवसांत अख्ख्या महाराष्ट्राला भोंगा मावशी माहीत झाली.

गुणवंती त्याच्या घरी गेली. मीही बरोबर होतो. ती म्हणाली, "बाबू, ते काडून टाक रे. माज्या भिवाचं नाव हाय त्येच्यात."

रूपेश हसला. "मावशी, एकदा टाकलं की टाकलं. लोकांचं झालं ते आता. उलट तुझी फुकट जाहिरात झाली, मजा कर."

हौसा आतल्या दारात उभी होती. ती आत निघून गेली. आम्ही परत आलो.

मग जे झालं ते मला अजून बघवत नाही. गुणवंतीने हाळीसाठी तोंड उघडलं की समोरचे फोन वर व्हायचे. "भोंगा मावशी, ओरड ना गो!" शाळेतली पोरं तिच्यासमोर गाढवासारखी ओरडून पळायची. तिने हाळी द्यायचं बंद केलं. नुसती बसायची. गिऱ्हाईक पुढच्या टोपलीकडे निघून जायचं आणि तिचा बांगडा दुपारपर्यंत मऊ पडायचा. त्या गळ्याला असं गप्प बसलेलं बघून माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. रूपेशच्या कानफटात दोन ठेवून द्याव्यात असं रोज वाटायचं, पण माझं वय झालंय आणि तो व्यायामशाळेत जातो.

दुपारी ती माझ्या दुकानात येऊन बसायची. मी काउंटरवर फोन बघत असायचो. त्या दिवसांत मला एक नाद लागला होता. जगभर काही मंडळी सिनेमाच्या अगदी सुरुवातीच्या चित्रांसारखे छोटे व्हिडिओ करून टाकतात. तेव्हाची चित्रं एका रिळात संपायची, जेमतेम मिनिटभर. कॅमेरा एका जागी रोवायचा आणि समोर जे घडेल ते घडू द्यायचं. ही मंडळी तेच पाळतात. कॅमेरा हलवायचा नाही, आवाज ठेवायचा नाही, मधलं काही काढायचं नाही आणि मिनिट संपलं की थांबायचं. माझ्यासारख्या रीळ चालवलेल्या माणसाला ते गोड वाटतं.

गुणवंतीने वाकून बघितलं. कुठल्या तरी देशात एक म्हातारा जिना झाडत होता. मिनिटभर झाडला आणि चित्र संपलं.

"ह्येच्यात मागचं-फुडचं काय काडलेलं नाय?" तिने विचारलं.

"नाय. तोच नियम आहे."

"आनि आवाज?"

"तोही नसतो."

तिने ते चित्र पुन्हा एकदा लावायला सांगितलं. मग म्हणाली, "भावजी, मला शिकवा."

शिकायला काय होतं त्यात! दुकानातला एक जुना स्टँड मी तिला दिला. तिने एक फुटकी टोपली रिकाम्या क्रेटवर पालथी घातली, आत फोन उभा केला आणि भोकातून पायऱ्यांवर नजर लावली. समोर दगडी पायऱ्या, खाली बांधून ठेवलेली एक जुनी होडी आणि मागे खाडीचं पाणी. रोज सकाळी एक मिनिट. कधी बायका टोपल्या उचलताना, कधी बर्फ फोडताना, कधी नुसता कुत्रा. मी ते नेटवर टाकायचो. खाली वार लिहायचा आणि 'जेटी', बस्स. हळूहळू माणसं बघायला लागली. आखातातले खलाशी लिहायचे की घर दिसलं, मुंबईचे लिहायचे की डोकं शांत होतं.

मी तिला कौतुकाने वाचून दाखवलं तेव्हा ती म्हणाली, "बगूदेत. माजं गिऱ्हाईक अजून यायचाय."

तेव्हा मला कळलं की तिने जाळं टाकलंय. ते सावज कोण, हेही कळलं. रूपेशची एक मालिका फार चालत होती. त्यात तो एकटा होडीतून दर्यात जातो, लाटांशी झुंजतो आणि मोठी सुरमई काढून दाखवतो. ज्या पायऱ्यांवर गुणवंतीने फोन रोखला होता त्या पायऱ्यांवर सकाळचं ऊन चांगलं येतं. रूपेश तिथेच येणार, हे तिला ठाऊक होतं.

आणि तो आला. एका शनिवारी, आपला कॅमेरावाला घेऊन. टोपलीत फोन असतो हे जेटीवर सगळ्यांना माहीत होतं, त्याला नव्हतं. गुणवंतीकडे त्याने बघितलंसुद्धा नाही. तिच्याकडून जे काढायचं ते त्याने काढून घेतलं होतं. गुणवंतीने पालथ्या टोपलीखाली हात घातला आणि फोन चालू केला.

ते मिनिट मी किती वेळा बघितलं असेल ते विचारू नका. रूपेश केरू बर्फवाल्याच्या पेटीतून सुरमई उचलतो. तिला चिकटलेला बर्फ सदऱ्याने पुसतो. पायरीवर पाय घसरतो, सुरमई पडते, तो ती शेपटीला धरून परत उचलतो. मग पायरीला बांधलेल्या होडीत उतरतो. कॅमेरावाला बादली भरून त्याच्या डोक्यावर ओततो, रूपेश हात करून आणखी मागतो. दुसरी बादली. मग कॅमेरावाला एका पायाने होडी हलवतो, रूपेश दोरी ओढत दात-ओठ खातो आणि सुरमई उंच धरून आभाळाकडे बघतो. एक मासळीवाली त्याच्यामागून शांतपणे टोपली घेऊन जाते. मिनिट संपलं.

आम्ही खाली लिहिलं, 'शनिवार. जेटी.' एक अक्षर जास्त नाही.

संध्याकाळपर्यंत हसून हसून लोकांची पोटं दुखली. रूपेशने जाहीर केलं की व्हिडिओ बनावट आहे, जोडतोड केलेली आहे. मग तर लोक आणखीच हसले, कारण मागे खाडीत एक बोट या टोकापासून त्या टोकापर्यंत एकाच चालीने जाताना दिसत होती. जोडायला जागाच नव्हती. त्याला जाहिरातीसाठी बोलावणाऱ्या हॉटेलवाल्यांनी फोन उचलायचं बंद केलं. पोरं आता त्याला बघून डोक्यावर बादली ओतून घेतल्याचा अभिनय करायला लागली. मला झोप छान लागायला लागली.

शिमग्याच्या तोंडावर रूपेश जेटीवर आला. उतरलेला होता. "मावशी, काढून टाक तो. मी माफी मागतो, व्हिडिओत मागतो पाहिजे तर."

"माफी नको," गुणवंती म्हणाली. "शिमगा आलाय. माजी बोंब ऐकून घे. हितंच, ह्या पायरीवर, माज्या फोनासमोर. मग बोलू."

आमच्या वाडीत ही रीत आहे. शिमग्याला ज्याची ज्याच्यावर तक्रार असेल त्याने त्याचं नाव घेऊन पालथा हात तोंडावर मारत बोंब घालायची. बाकीच्यांनी साथ द्यायची. ज्याच्या नावाने बोंब, त्याने हात जोडून उभं राहायचं, उलट बोलायचं नाही. रूपेश याच वाडीत वाढलेला, त्याला सगळं ठाऊक. त्याने माझ्याकडे वळून विचारलं, "हिच्या व्हिडिओला आवाज नसतो ना?"

"नसतो," मी म्हणालो. "नियम आहे."

त्याचा चेहरा खुलला. मिनिटभर हात जोडून उभं राहायचं, ऐकू कुणाला काही जाणार नाही, असा त्याने हिशेब केला. मी आत जाऊन तोंड दाबून हसलो.

ठरल्या सकाळी बायका टोपल्या सोडून पायऱ्यांवर जमल्या. रूपेश होडीकडे पाठ करून उभा राहिला. मी फोन चालू केला. गुणवंतीने पदर खोचला, हात वर नेला, तोंड उघडलं, आणि काहीच आलं नाही. दोन वर्षं गप्प ठेवलेला गळा होता तो. रूपेशच्या ओठाचा कोपरा हलला. तो तिने बघितला.

मग आवाज आला. "हौसाच्या रूपेशाच्या नावानं, बोंऽऽब!" बर्फाच्या कारखान्यावरचे कावळे उडाले. होड्यांवरची माणसं उभी राहिली. रस्त्यावरची एसटी थांबली. बायकांनी साथ धरली, आणि त्यांच्यामागून एक म्हातारी पुढे आली. हौसा. तिने मुलाकडे बघत पालथा हात तोंडावर मारला. रूपेशचे जोडलेले हात खाली आले.

मिनिट संपलं, फोन थांबला. गुणवंती थांबली नाही. त्या पाहुण्याचं काढून टाकलेलं वाक्य तिने जसंच्या तसं अख्ख्या बंदराला ऐकवलं, मग डब्यातली भाकरी, मग भिवाचं नाव. हे सगळं ऐकायला रत्नागिरीतली निम्मी माणसं जमली होती, आणि कुणीही फोन वर केला नाही.

सगळं संपल्यावर रूपेश कसाबसा म्हणाला, "झालं ना आता? काढ तो सुरमईचा."

गुणवंती टोपलीशी बसली, बांगड्यांवर पाणी शिंपडलं आणि वर न बघता म्हणाली, "एकदा टाकलं की टाकलं, बाबू. लोकांचं झालं ते आता."

तो पायऱ्या चढून जाईपर्यंत ती थांबली. मग त्याच्या पाठीवर तिने हाळी दिली. "बांगडा घ्या गो, फडफडीत बांगडाऽऽ." एसटीतून उतरलेली दोन माणसं जेटीकडे वळली.