रॉकेलात धुतलेली रबरं

परवा नांदेडला लेकीनं दाराचा गंज काढायला रॉकेलची जुनी बाटली उघडली. वास आला आणि मला लातूरचं आमचं अंगण आठवलं.

आमचे मालक, म्हणजे लेकीचे वडील, मेकॅनिक होते. एका डॉक्टरांची जुनी, विलायती, दोन सीटची मोटार अंगणात उभी होती. मालकांनी तिचे ब्रेक खोलले होते. आत बसवायची नवी रबरं मुंबईहून मागवली होती. ते आंघोळीला गेले तेव्हा मी सगळे सुटे भाग रॉकेलात धुऊन ठेवले, रबरंही. त्यांनी येऊन ब्रेक जोडले.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर लहान मुलीला घेऊन गाडी न्यायला आले. मालक त्यांना समजावत होते, "ह्या रबराला रॉकेल लागू देऊ नका साहेब. फुगतं, आन् ब्रेक दगा देतो."

गिऱ्हाइकासमोर बोलावं तर मालकांची इज्जत जाणार. मुलगी आत बसली. गाडी सुरू झाली, फाटकापर्यंत गेली, तेव्हा मी गाडीला आडवी गेले.

"रबरं म्या रॉकेलात धुतली."

मालकांनी माझ्याकडं बघितलं. मग डॉक्टरांना म्हणाले, "उतरा साहेब. चूक माझी हाय, म्या बघून बसवाया पायजे होतं."

खोललं तर रबरं भिजल्या हरभऱ्यासारखी फुगली होती.

घरात ही गोष्ट माझ्या धाडसाची म्हणून सांगतात. मीही तशीच सांगायचे. आता सांगवत नाही. चूक कळल्यावरही गाडी फाटकापर्यंत जाईस्तोवर मी गप्प उभी होते, आणि ती मुलगी आतून मला हात हलवत होती.