मिरजेला दोन फेऱ्या

रहिमतपूरच्या शाळेत मी क्लार्क आहे. आमचे हे फौजेत होते, त्यांना जाऊन नऊ वर्षं झाली. मुलगी पुण्याला शिकते. घरात मी आणि सासूबाई. पेन्शनच्या कामाला साताऱ्याला जायचे तेव्हा कराडच्या एका माजी सैनिकाशी ओळख झाली. बायकोपासून वेगळे राहायचे. वर्षभर आम्ही भेटत होतो आणि हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

मग महिनाभर भेट झाली नाही. एकदा मधल्या सुट्टीत त्यांचा फोन आला.

"ताप उतरंना म्हून रक्त तपासलं," ते म्हणाले. "एचआयव्ही निघाला. तू बी तपासून घे."

"कवापासनं हाय?"

"ठावं न्हाई गं. लय आधीचं आसंल."

मी फोन ठेवला. त्या दुपारी सात दाखले लिहिले, त्यातले दोन एकाच मुलीच्या नावाचे निघाले. हेडसर म्हणाले, "बरं नसेल तर घरी जा." घरी जाऊन तरी काय करणार होते?

आठ दिवस मी कुणाशीच धड बोलले नाही. चहाचा कप वेगळा ठेवायला लागले. सासूबाईंच्या लक्षात आलं.

"कप येगळा का गं? सर्दी झालीया का?"

"व्हय," म्हटलं. त्यांनी आल्याचा काढा करून दिला. तो पिताना रडू आलं, तर त्यांना वाटलं तिखट झाला.

साताऱ्याला जाणं शक्य नव्हतं, तिथल्या दवाखान्यात चुलतजाऊ कामाला. कराडला ते. म्हणून मिरज. घरी सांगितलं, डोळे तपासून येते. सासूबाई म्हणाल्या, "मी बी येती, माजं बी दाखवू." त्यांना कसं टाळलं ते आठवलं तरी अजून लाज वाटते.

सरकारी दवाखान्यात तपासणीची खोली कुठे, हे विचारायलाच तोंड उघडेना. दोनदा चुकून एक्स-रेच्या रांगेत उभी राहिले. शेवटी खोली सापडली. आतल्या समुपदेशक बाई माझ्या मुलीपेक्षा चार-पाच वर्षांनीच मोठ्या असतील. शेवटचा संबंध कधी, निरोध होता का, सगळं त्यांनी भाजीचा भाव विचारावा तसं सहज विचारलं. मी जमिनीकडे बघून सांगितलं.

"संबंधानंतर बहात्तर तासांच्या आत आला असतात तर लागण टाळायचं औषध देता आलं असतं," त्या म्हणाल्या. "आता आज तपासू. आणि शेवटच्या संबंधाला तीन महिने भरले की पुन्हा एकदा."

"कपाचं काय करू?"

त्यांना आधी कळलंच नाही. मग म्हणाल्या, "कपानं होत नाही ताई. ताटानं नाही, कपड्यानं नाही. बरोबर कोण आलंय?"

"कोण न्हाई."

रक्त दिलं आणि बाहेर बाकावर दोन तास बसले. शेजारच्या बाईनं "कुठल्या गावच्या?" विचारलं, तर मी तासगाव सांगून टाकलं. रिपोर्ट निगेटिव्ह आला. पण अजून दीड महिना थांबायचं होतं, त्यामुळे आनंद करावा की नाही तेच कळेना.

तो दीड महिना माझ्या आयुष्यातला सगळ्यात लांब. हळदीकुंकवाला गेले, परीक्षेचे फॉर्म भरले, मुलीशी रोज फोनवर बोलले. ती विचारायची, "आई, आवाज असा का?" मी म्हणायचे, "रेंज नाही."

दुसऱ्या वेळी खोली विचारावी लागली नाही. रिपोर्ट पुन्हा निगेटिव्ह. बाई म्हणाल्या, "आता निवांत झोपा." स्टेशनवर आले तर गाडीला वेळ होता. कुणाला तरी सांगावंसं वाटत होतं. मोबाइलमधली सगळी नावं खालीवर केली. शेवटी कराडलाच फोन लावला.

"माझा न्हाई निघाला," म्हटलं.

ते म्हणाले, "झ्याक झालं. माझी गोळी चालू झालीया. रोज एक." फलाटावरची सूचना त्यांना ऐकू गेली असावी. "मिरजंत हायस? एकटीच गेलीस?"

"व्हय."

"सांगायचं हुतंस. आलो आसतो मी."

त्यांच्यावरचा राग मी दोन महिने जपून ठेवला होता. त्या क्षणी तो सापडेना. तब्येतीला जपा म्हटलं, एवढंच. त्यानंतर आम्ही भेटलो नाही. सणावाराला त्यांचा मेसेज येतो, मी उत्तर देते.

घरी आले तेव्हा सासूबाई उंबऱ्यात गवारी मोडत बसल्या होत्या.

"काय म्हणलं डोळ्याचं डॉक्टर?"

"चष्मा लागत न्हाई," मी म्हटलं आणि त्यांच्या शेजारी बसून गवारी मोडू लागले.