शब्द पुरवायचा नाही

लेंटला आमच्या झाशीत सगळे चालीसा म्हणतात. राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंतचे ते चाळीस दिवस मी वर्षानुवर्षं चहा आणि मटण सोडून काढले. सोडून म्हणजे काय, चहाऐवजी जायफळ घातलेली कॉफी प्यायची, मटणाऐवजी साबुदाण्याचे वडे तळायचे आणि छावणीच्या चर्चमध्ये भेटेल तिला आपला त्याग ऐकवायचा. एकादशी आणि दुप्पट खाशी! आमच्या घराण्याला ख्रिस्ती होऊन तीन पिढ्या झाल्या, तरी ही म्हण मला चपखल बसायची.

त्या वर्षी पावसाळा सरता सरता ह्यांना पक्षाघात झाला. हातपाय सुधारले, वाचा मात्र अडली. शब्द मनात असायचा, पण ओठांवर यायला मिनिटभर लागायचं. मला कुठला एवढा दम! "मला... पा..." म्हणेपर्यंत मी पाण्याचं भांडं पुढे करून मोकळी. भेटायला आलेल्यांना तब्येतीचं उत्तरही मीच द्यायची. लोक म्हणत, किती सेवा करते. मलाही ते खरं वाटे.

फेब्रुवारीत डॉक्टरांनी ह्यांच्यासमोरच सुनावलं, "माताजी, आप ही बोलती रहीं, तो ये बोलना छोड़ देंगे. शब्द इन्हें ढूँढ़ने दीजिए."

रिक्षात मी डॉक्टरवर नुसती धुमसत होते. खंडेराव गेट येईपर्यंत राग उतरला आणि भीती वाटू लागली. हा माणूस कायमचा मुका झाला, तर तो माझ्यामुळे होणार होता. आणि ह्या गावात माझ्याशी मराठीत बोलणारं दुसरं होतं कोण? मुलं तर फोनवरही हिंदीतच उत्तर देतात.

राखेच्या बुधवारी गुडघे टेकले तेव्हा मी ठरवलं, यंदा चहा खुशाल प्यायचा. ह्यांचं वाक्य मात्र आपण पुरं करायचं नाही. आणि हे कुणाजवळ बोलायचंही नाही.

जित्याची खोड! पहिल्याच दिवशी तीनदा घसरले. मग ह्यांनी तोंड उघडलं की मी पदराचं टोक दातांत धरू लागले. भाजीवाला दारात ताटकळायचा, पोळ्या गार व्हायच्या. शब्द शोधताना ह्यांच्या कपाळावर घाम यायचा आणि माझा जीव तुटायचा. पण मी हटले नाही.

चौथ्या आठवड्यात घरोघरच्या प्रार्थनेची पाळी आमच्याकडे आली. वीसेक माणसं जमली. पाद्रीसाहेब मला म्हणाले, "बहनजी, शुरू कीजिए."

"आज ये करेंगे," मी म्हटलं.

सगळ्यांनी डोळे मिटले. "हे... पिता..." म्हणून हे थांबले ते थांबलेच. कुणी खोकलं. शेजारीण मला कोपराने ढोसू लागली. पुढचं वाक्य मला तोंडपाठ होतं, तरी मी ओठ घट्ट मिटून बसले. हिंदी काही सापडेना, तसे हे मराठीवर आले.

"हिला... गप्प बसणं... फार जड जातंय. ईस्टरपर्यंत... तरी... हिला... धीर दे."

"आमेन," वीस जण गंभीरपणे म्हणाले. त्यांतल्या एकालाही मराठी येत नव्हतं. मी तोंड दाबून हसत होते, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि शेजारीण बिचारी माझी समजूत घालत होती.