अर्ध्या लुगड्याचा धोटा

पुतणीच्या नव्या घरी शोकेसमध्ये होडीसारखी एक लाकडी वस्तू होती. "जुनं खेळणं असंन," जावई म्हणाला. मी ती हातात घेतली. तेलकट लाकडाचा वास आला आणि माझं डोकंच तापलं. तो हातमागावर आडवा धागा नेणारा धोटा होता.

सत्तरच्या दशकात, वडील गेल्यावर आईच माग चालवून मला आणि भावाला पोसायची. एकदा ती रामटेकहून परतली, तर काकांनी अर्धं लुगडं चढलेला माग मोडून जळणात घातलेला. आम्हा विणकरांत लुगडं पुरं उतरल्याशिवाय माग कोणी मोडत नाही.

"अर्ध्या लुगड्यावर माग काहून मोडला, भाऊजी?"

"पावरलूमपुढे हे कोण घेते, वहिनी? जागा अडून राहिली होती."

आईनं कोपऱ्यात पडलेला धोटा उचलला, रोजच्यासारखं त्याच्या भोकाला ओठ लावून श्वासानं धागा बाहेर ओढला आणि मागाच्या रिकाम्या खड्ड्याकडे बघत राहिली. तेव्हा वाटलं, तिनं मान्य केलं. आज कळतं, तिला कोणी विचारलंच नव्हतं, आणि संताप आवरत नाही.

मी मुद्दाम त्या भोकाला ओठ लावले.

"आत्या, घाण आहे ना ते," पुतणी म्हणाली.

"असल्याच भोकातून तुह्या बापाचं जेवण येत होतं," मी म्हटलं.